मिठूचे चार सेकंद

"…मग किती ठेवू, सर? आठ? की दहा?"

सरांनी पळसाचं एक पान उचललं, दुसऱ्या पानाच्या कडेवर ठेवलं आणि बांबूची बारीक काडी टोचून दोन्ही पानं जोडली. काडीचं उरलेलं टोक नखानं मोडलं.

"पंधरा ठेवते. पंधरा सेकंद पुरतील ना?"

सर गप्प…

मला रागच आला. भर उन्हात बारा किलोमीटर मोटरसायकल हाणत आलो होतो. शलाका दोन दिवस धड जेवली नव्हती. आणि हा माणूस निवांत पत्रावळी लावत बसलेला!

थांबा, आधी माणसं सांगतो.

शलाका भिंगारे माझी वर्गमैत्रीण. आम्ही दोघं डीएडच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात सगळ्यात हुशार तीच, आणि ते तिलाही पक्कं ठाऊक. आम्ही पुठ्ठ्याची घड्याळं कापून त्यांना काटे लावत होतो, तेव्हा ही लॅपटॉपवर चित्रं हलवत होती, त्यांना आवाज देत होती, मागे तबला वाजवत होती. आमच्या घड्याळांकडे बघून म्हणायची, "अरे, कुठल्या जमान्यात आहात?"

सर म्हणजे पिराजी गुरव. शैक्षणिक साधनं कशी बनवायची, हे शिकवण्यात त्यांची आमच्या अध्यापक विद्यालयात हयात गेली. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी सराव पाठ तपासायला अजून त्यांनाच बोलावतात. एरवी गावच्या महादेवाची पूजा करायची आणि देवळाच्या ओवरीत बसून पत्रावळी लावायच्या. घराण्यात चालत आलेलं काम.

आणि तिसरा मी, संपत. यात माझाही हात आहे, ते येईलच पुढं.

"सर, काहीतरी बोला ना," शलाका म्हणाली.

"कसले सेकंद?"

"तुम्हाला ठाऊक आहे सगळं. मिठूचे."

"तू सांग."

तिला बोलवेना, म्हणून मी सांगायला तोंड उघडलं. सरांनी हात वर करून मला गप्प केलं. पण तुम्हाला तर सांगायलाच हवं.

मिठू म्हणजे पोपट. शलाकानं संगणकावर काढलेला. लाल चोच, मान वाकडी करून बोलायची लकब. आवाज तिचाच, जरा बारीक केलेला. चौथीच्या गणिताचे तिनं असे बारा पाठ तयार केले. मिठू गोष्ट सांगतो, चित्रं दाखवतो, मग प्रश्न विचारतो. प्रश्न विचारून थांबतो. चार सेकंद. मग पंख फडफडवून ओरडतो, "शाब्बास! अगदी बरोबर!" आणि उत्तर सांगतो. मग टाळ्या.

मुलांनी उत्तर दिलं तरी शाब्बास. चुकीचं दिलं तरी शाब्बास. नाही दिलं तरी शाब्बासच. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे कसं आलं नाही, याचं आता नवल वाटतं.

"चार सेकंद कुठून आणलेस?" सरांनी विचारलं.

शलाकानं माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे.

त्याचं असं आहे. सराव पाठ शाळेतल्या मुलांसमोर न्यायच्या आधी आम्ही तो आपसांत घेतो. एकजण शिक्षक होतो, बाकीचे विद्यार्थी होतात. चौथीतली मुलं म्हणून आम्हीच बसतो, चांगले मिशा फुटलेले. मिठूचा पहिला पाठ असाच झाला. मी पहिल्या बाकावर. मिठूनं विचारायची खोटी, की मी हात वर करून उत्तर ठोकत होतो. वर बोबडं बोलून सगळ्यांना हसवत होतो.

शलाकानं मोबाइलवर वेळ मोजली. दोन सेकंद. खरी मुलं लहान असतात, म्हणून तिनं मोठ्या मनानं दुप्पट केली.

"माझ्याकडून आणलेत," मीच म्हणालो.

सरांनी मान हलवली. पुढचं पान घेतलं.

"टाकेवस्तीवर काय झालं?"

"संपतनं फोनवर सांगितलंय तुम्हाला."

"तू सांग."

टाकेवस्तीच्या शाळेत आम्ही दोघं सहा आठवडे शिकवायला होतो. चौथीत अकरा मुलं. आम्ही परत आलो, पण मिठू तिथंच राहिला. तिथल्या गुरुजींना चार वर्ग एकट्यानं सांभाळायचे, वरून रोज कसली ना कसली माहिती ऑनलाइन भरायची. ते सकाळी चौथीच्या टीव्हीवर मिठू लावायचे आणि दुसऱ्या वर्गात जायचे. त्यांना तरी काय बोलणार? असं चार महिने चाललं. तेवढ्यात मिठूला जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला आणि वर्ग बघायला शिक्षण खात्याचे साहेब आले. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं.

"वीज गेली होती," शलाका म्हणाली. "साहेब म्हणाले, राहू द्या टीव्ही, तुम्हीच घ्या पाठ. मला बरंच वाटलं, सर. म्हटलं, बघू दे त्यांना मुलांना काय काय येतं ते. मी प्रश्न विचारला."

"कुठला?"

"दोरीचा. एका दोरीचे सारखे चार तुकडे करायचे आहेत, तर ती किती वेळा कापावी लागेल?"

"मग?"

"मुलं माझ्याकडे बघतच नव्हती. बंद टीव्हीकडे बघत होती. सगळी गप्प. मला वाटलं, विचार करतायत…"

ती थांबली. ओवरीत पानांचा सुकलेला वास होता. 

"मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, सर."

सरांचा हात थांबला.

"एकदम वाजवल्या. अकराच्या अकरा जणांनी. कुणी खूण केली नाही, काही नाही. चार सेकंद झाले आणि टाळ्या… साहेब खूश झाले. म्हणाले, काय शिस्त आहे! त्यांनीही वाजवल्या."

मी त्या वेळी मागे उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होतो.  तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. पुसवत नाही आणि बघवतही नाही.

"मी दुसरा प्रश्न विचारला. तेच झालं. मग गणित सोडून दिलं. म्हटलं, आज डब्यात काय आणलंय रे? त्यालाही चौघापाचांनी वाजवल्या. बाकीच्यांनी त्यांचं बघून."

"साहेब?"

"फोनवर होते."

सरांनी अर्धवट पत्रावळ बाजूला ठेवली. पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. तिनं घेतला नाही.

"म्हणून विचारतेय, सर. वेळ कमी पडला. मुलं उत्तरापर्यंत पोचायच्या आतच मिठू बोलतो. मी बाराच्या बारा पाठ नव्यानं करते. पंधरा सेकंद ठेवते. लागले तर वीस. शाब्बास काढून टाकते. टाळ्या काढते…"

"जुने?"

"काय?"

"जुने पाठ कुठं आहेत?"

तिच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं अवसानही गेलं. जुने पाठ कुठं नाहीत, असं विचारायला हवं होतं. पहिला नंबर आला त्याच संध्याकाळी ते शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले. एका ग्रुपवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून दहाव्या. जिल्ह्यात ते किती शाळांत चालतात, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तिनं मोबाइल काढून सरांपुढे धरला. सरांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका बाईंचा निरोप होता. लिहिलं होतं, "मिठूमुळे वर्ग अगदी शांत असतो. तुमचे मनापासून आभार." खाली दोन हात जोडलेले.

"असे रोज येतात," शलाका म्हणाली. "मी सगळ्यांना कळवलं, की हे पाठ लावू नका, चूक आहे. तर म्हणतात, कशाला एवढा कमीपणा घेता, छान आहेत. सर, हे परत कसं बोलवायचं?"

"येत नाही परत."

"काहीतरी असेल ना…"

"नाही."

 मला वाटलं होतं, ते धीर देतील. पहिल्या वर्षाला हेच सर आमचं फाटलेलं चित्रसुद्धा मागून कागद लावून नीट करून द्यायचे. आता ते नुसते समोरच्या पानांच्या गठ्ठ्याकडे बघत होते.

"विचार मला," ते एकदम म्हणाले.

"काय विचारू?"

"दोरीचा प्रश्न."

शलाकानं डोळे पुसले. ताठ बसली. सवयच ती, सराव पाठाला बसतात तशी.

"एका दोरीचे सारखे चार तुकडे करायचे आहेत, तर ती किती वेळा कापावी लागेल?"

सर गप्प…

मी मनात मोजत होतो. चार झाले. सात झाले. शलाकाची चुळबुळ सुरू झाली. दहा झाले. अकरा…

"तीनदा, सर," ती म्हणाली.

"मी अजून विचार करत होतो."

ती चपापली.

"पुन्हा विचार."

तिनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज जरा खाली आला होता.

सर बसल्या जागी पुढं वाकले. पानांच्या गठ्ठ्याला बांधलेली सुतळी त्यांनी सोडली. शेजारी विळा होता. सुतळीची दोन टोकं जुळवून मध्य काढला आणि तिथं कापली. झाले दोन तुकडे. ते दोन्ही तुकडे त्यांनी एकावर एक धरले, टोकाला टोक लावून. पुन्हा मधोमध कापले.

चार तुकडे त्यांनी शलाकाच्या पुढ्यात ठेवले. सारखे.

"दोनदा," सर म्हणाले.

मला आधी हसूच आलं. असं असतंय होय! दोन वर्षं हे गणित बघतोय, पाठाच्या टाचणात उतरवून काढलंय, आणि एकदाही सुचलं नाही.

शलाका हसली नाही. तिनं ते तुकडे हातात घेतले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे… ईश्वरी म्हणाली होती."

"कोण ईश्वरी?"

"टाकेवस्तीची. चौथीतली."

"कधी म्हणाली?"

"पहिल्या दिवशी. पहिल्यांदा मिठू लावला तेव्हा. शाब्बास झालं, टाळ्या झाल्या, आणि ती उभी राहून म्हणाली, बाई, दोनदाच. मी म्हटलं, मिठू काय म्हणाला, ऐकलं नाहीस का? तीनदा. खाली बस."

"मग?"

"बसली."

…

"सर, ती फार बोलायची. सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची आणि दहापैकी आठ वेळा चुकायची. मला वैताग यायचा. नंतर सहा आठवडे मी तिचा आवाज ऐकला नाही. मला वाटलं, सुधारली." तिनं सुतळीचे तुकडे खाली ठेवले. "मी तसं लिहिलंसुद्धा, सर. निरीक्षण वहीत. ईश्वरी, वर्तनात चांगली सुधारणा."

मग ती रडली. तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता. मी वर्गातला तिचा तोरा दोन वर्षं बघितलेला, मला ते बघवेना. माझं डोकंच फिरलं.

"सर, तिची एकटीची चूक आहे का?" मी म्हणालो. "टाचण तुम्ही तपासलं होतं. प्रश्न दोरीचा, उत्तर तीन, असं लिहिलेलं होतं त्यात. पोपट चार सेकंदांनी शाब्बास म्हणतो, हेही लिहिलेलं होतं. तुम्ही समोर बसून बघितलात तो पाठ. तेव्हा का नाही बोललात?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. सरांपुढं असा आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"शेरा काय लिहिलाय मी?" त्यांनी विचारलं.

"उत्कृष्ट."

"खाली सही आहे?"

"आहे."

"मग झालं तर."

 गाभाऱ्यातून पिंडीवर ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. सरांनी विळा उचलून बाजूला ठेवला.  आयुष्यभर किती टाचणांवर असाच शेरा दिला असेल, हे ते मनात मोजत असतील असं मला वाटलं. पण विचारायची माझी छाती झाली नाही.

"मी सोडते डीएड," शलाका म्हणाली.

"सोड."

"खरंच सांगतेय, सर. उद्याच अर्ज देते."

"आण. मी शिफारस करतो."

"तुम्ही अडवणार नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता ही उठून जाईल. उठलीही. चपलेत पाय घातला. मी मोटरसायकलची किल्ली काढली. दोन पायऱ्या उतरली आणि तिथंच उभी राहिली. उन्हानं पायरी तापलेली होती, तरी हलली नाही.

"मी सोडलं, तर टाकेवस्तीवर उद्या काय होईल?"

"मिठू लागेल."

"आणि नाही सोडलं, तर?"

"उद्या? तरी लागेल."

ती परत आली. चप्पल काढून पुन्हा बसली. या खेपेला ताठ नाही, भिंतीला टेकून. एवढ्याशा वेळात ती थकून गेली होती. उत्तर मिळवायचंच, असा तिचा हट्ट असायचा, तोही उरला नव्हता.

"मी ईश्वरीकडे जाते," ती म्हणाली. "तिला सगळ्या वर्गासमोर सांगते, की तुझंच बरोबर होतं."

"म्हणजे तिला काय देणार?" सर म्हणाले. "शाब्बास?"

  आम्हाला दुसरं काही देता येतं, असं मलाही त्या घडीला वाटलं नाही.

"मग काय करू, सर?"

"तिला काहीतरी विचार."

"काय?"

"ज्याचं उत्तर तुला येत नाही, असं."

ती विचार करत राहिली. मीही केला. आमच्या पाठाच्या टाचणात प्रश्नाच्या समोर एक रकाना असतो. अपेक्षित उत्तर. तो रिकामा राहिला तर टाचण परत येतं. दोन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून हजारभर प्रश्न लिहिले असतील, आणि तो रकाना एकदाही रिकामा सोडलेला नव्हता. मला एकही प्रश्न सुचेना. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तिलाही सुचत नव्हता.

"समजा, सुचला," ती शेवटी म्हणाली. "समजा, विचारला. आणि ती गप्पच बसली तर?"

सरांनी एक पान हातात घेतलं, तसंच खाली ठेवलं.

"चार सेकंद नाही म्हणत मी, सर. दिवसभर. वर्षभर. माझ्याशी परत कधी बोललीच नाही तर?"

सरांचा चेहरा पडला होता. त्यांनाही ठाऊक नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. मी आजवर त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मग तिच्याशेजारी बस."